तक्ता क्रमांक चार

"सर, एक मिनिट. तक्ता क्रमांक चारमध्ये स्थानिक उत्पादनाचा जो आकडा दिलाय, तो कच्च्या बियांचा आहे की गराचा?"

मी हे विचारलं तेव्हा उपळेकर सर उभे राहून बोलत होते. त्यांच्या उजव्या हातात पारदर्शिका दाखवायची काठी होती. ती तशीच पडद्यावर टेकलेली राहिली. खोलीत आठ-नऊ माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली.

"बियांचा," सर म्हणाले.

"मूळ आकडेवारीच्या खंडात खाली तळटीप आहे. आकडे गराचे आहेत असं त्यात म्हटलंय."

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. मी पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेत अर्थशास्त्र शिकवत होते. शेतमालाच्या आयातीचं धोरण काय असावं याचा विचार करायला दिल्लीहून एक समिती आली होती. समितीत तिघेजण होते, अध्यक्ष माथुर नावाचे निवृत्त सचिव. ठिकठिकाणच्या प्राध्यापकांची मतं ऐकत ते फिरत होते. आमच्या संस्थेतून दोघांनी बोलायचं ठरलं होतं, श्रीनिवास उपळेकर आणि मी. विषय एकच होता : परदेशातून येणाऱ्या कच्च्या काजूवरचं आयात शुल्क वाढवावं की नाही.

माथुरांनी खंड मागवला. ग्रंथपाल पिंगळे स्वतः तो घेऊन आले. पान काढलं. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ओळ होती. माथुरांनी ती चष्मा वर करून वाचली आणि खंड सरांपुढे सरकवला.

ज्यांना काजूतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. साधारण चार किलो बिया फोडल्या की एक किलो गर निघतो. सरांनी कोकणातल्या कारखान्यांची गरज बियांच्या वजनात मांडली होती, वीस हजार टन. आणि त्यासमोर तिथल्या बागांचं उत्पादन ठेवलं होतं अडीच हजार टन. ते अडीच हजार गराचे होते. म्हणजे खरं उत्पादन दहा हजार टन बियांचं. तुटवडा त्यांनी सांगितला तेवढा नव्हता.

सरांनी तळटीप वाचली. मग काठी टेबलावर ठेवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी आहे. पण तरीसुद्धा निम्म्या गरजेचा तुटवडा राहतोच. वर्षातले सहा महिने…"

"प्रोफेसर उपळेकर," माथुर मध्येच म्हणाले. आवाज अगदी सौम्य होता. "तुम्ही हे सगळं पुन्हा तपासा आणि आम्हाला लेखी पाठवा." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आता माझी पाळी होती.

सर खाली बसले. त्यांच्या शर्टाच्या खिशाला कधी नव्हे ती इस्त्री केलेली दिसत होती.

*

उपळेकर सर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे होते. मी संस्थेत रुजू झाले तेव्हा ते तिथे जुने झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या दारावर टकटक केलं आणि विचारलं, "येवलेकर बाई, मुक्त व्यापाराबद्दल तुमचं काय मत आहे?" मी म्हटलं, "कुणासाठी मुक्त, ते आधी सांगा." ते आत आले, समोर बसले आणि पाऊण तास वाद घातला. त्या दिवसापासून आम्ही दुपारचं जेवण त्यांच्या खोलीत करू लागलो, ते पुढे अकरा वर्षं.

त्यांच्या पत्नी फार लवकर गेल्या होत्या. एक मुलगी, केतकी, ती लग्न होऊन दिल्लीला. सरांना स्वयंपाकातल्या दोनच गोष्टी यायच्या, भात आणि आमटी. पण आमटी अशी की मी आजवर तशी खाल्लेली नाही. माझ्या डब्यात पोळी-भाजी असायची. वर्गात दोन देशांमधला व्यापार शिकवताना ते आमच्या डब्यांचंच उदाहरण द्यायचे. "बाईंना आमटीही माझ्यापेक्षा बरी येत असेल," ते मुलांना सांगत, "पण त्यांनी पोळ्याच कराव्यात आणि मी आमटीच करावी, यात दोघांचं भलं आहे. हे ज्याला समजलं त्याला निम्मा विषय समजला." मुलं हसायची. माझ्या आमटीबद्दलचं त्यांचं मत खोटं होतं, ते मी कधी दुरुस्त केलं नाही.

माझं लग्न झालं नव्हतं. का, ते सांगण्यासारखं काही नाही, राहून गेलं एवढंच. आई होती तोवर घरात कुणीतरी होतं. ती गेल्यावर एरंडवण्यातल्या त्या दोन खोल्यांत मी आणि रेडिओ. शनिवारी संस्था अर्धा दिवस असायची. दुपारी जेवून आम्ही उठलो की त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत मी कुणाशी बोलायचे नाही. सोमवारी पहिल्या तासाला हजेरी घेताना माझा आवाज बसलेला असायचा. मुलांना वाटे बाईंना सर्दी झालीय. न वापरल्यामुळे आवाज असा होतो, हे मला त्या काळात कळलं.

काजूचा विषय सरांनी मनापासून घेतला होता. ते मूळचे वेंगुर्ल्याकडचे. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यांनी तिकडचे चौदा कारखाने पायी हिंडण्यात घातल्या. तिथं बिया फोडायला बायका असतात. फोडताना टरफलातलं तेल उडतं आणि बोटं काळी पडतात, भाजतात. सर त्या बायकांशी बोलून आले आणि पहिल्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "बाई, मी एकीला विचारलं, हाताला त्रास होत नाही का? ती म्हणाली, हात गोरे दिसायला लागले की आम्हाला भीती वाटते. कळलं का तुम्हाला? हात गोरे म्हणजे कारखाना बंद."

त्यांचं म्हणणं साधं होतं. कोकणातलं पीक उन्हाळ्यात येतं आणि चार-सहा महिन्यांत फोडून संपतं. पुढे कारखाना चालतो तो आफ्रिकेतून येणाऱ्या बियांवर. त्यांवर शुल्क वाढवलं तर गणपतीच्या सुमाराला कारखान्यांना कुलूप लागेल.

माझं म्हणणं वेगळं होतं. बागवाल्याचा माल बाजारात येतो नेमकी तेव्हाच परदेशी बी बंदरात उतरली तर त्याला भाव मिळत नाही. शुल्क असावं, पण हंगामापुरतं. सर म्हणत, "सरकारला महिने मोजता येत नाहीत, बाई. ते शुल्क एकदा लावलं की बारा महिने राहतं." मी म्हणे, "म्हणून लावायचंच नाही?" असं आमचं चालायचं. भात निवून जायचा. पटलं कधीच नाही.

त्या बैठकीच्या आधीच्या शनिवारी जेवताना सर म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचंय. अजून कुणाला बोललो नाही. माथुरांचा फोन आला होता. दिल्लीत सल्लागार म्हणून जागा आहे, तीन वर्षांची. मी यावं असं त्यांच्या मनात आहे. गुरुवारची बैठक झाली की नाव पक्कं करतील, बाकीच्या दोघा सदस्यांनी एकदा मला ऐकायला हवं म्हणून."

"अरे वा," मी म्हटलं.

"केतकी खूश आहे. तिच्या इराला सव्वा वर्ष झालंय. आता बोलायला लागेल. ती दोघंही नोकरीला जातात, पोर दिवसभर बाईजवळ असते. मी गेलो तर संध्याकाळी तरी…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुम्हाला काय वाटतं? जाऊ?"

"जा की. विचारताय काय?"

"तुम्ही म्हणत असाल तर जातो," सर हसून म्हणाले आणि उरलेली आमटी माझ्या वाटीत ओतली.

*

गुरुवारी माझं बोलणं झाल्यावर माथुरांनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं लिहून घेतली. चहाच्या वेळी आमचे संचालक सबनीस माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्ही आज संस्थेची लाज राखलीत. हा आकडा तसाच दिल्लीला गेला असता तर?" सर खिडकीशी उभे होते. त्यांच्या हातातल्या कपातला चहा संपला होता तरी कप तसाच धरलेला होता.

दुपारी मी डबा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. खोली उघडी होती, सर नव्हते. मी पंधरा-वीस मिनिटं बसले. मग माझ्या खोलीत येऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"बाई, आजपासून मी कॅन्टीनमध्ये जेवणार आहे. डॉक्टर म्हणाले गरम खा."

"कालचं सर…"

"कालचं काय? तुमचं बरोबर होतं. मी तळटीप वाचायला हवी होती." ते म्हणाले, आणि गेले.

तीन आठवड्यांनी दिल्लीहून पत्र आलं. त्या जागेसाठी दुसऱ्या कुणाचा तरी विचार झाला होता. तोवर सरांच्या दिल्लीच्या जागेची बातमी सगळ्यांना कळली होती. सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "दिल्लीची थंडी मला झेपणार नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं." लोक हसले. मीही हसले, कारण न हसणं दिसलं असतं.

त्या शुल्काचं काय झालं असं कुणी विचारलं तर सांगते, काहीच झालं नाही. समितीने जाड अहवाल दिला, तो कुठल्या तरी कपाटात गेला. सरकार बदललं. शुल्क होतं तसंच राहिलं. सरांची वीस पानं आणि माझी बारा पानं, दोन्ही कुणी पुन्हा उघडली असतील असं मला वाटत नाही.

पण माझं नाव झालं. संचालक दर वर्षी नव्या प्राध्यापकांच्या स्वागताला ती गोष्ट सांगायचे. शास्त्रापुढे मैत्री न मानणाऱ्या येवलेकर बाई. दोन वर्षांत मी विभागप्रमुख झाले. अर्थसंकल्प आला की वर्तमानपत्रांचे फोन माझ्याकडे यायचे, बाईंचं मत काय म्हणून. मी मत द्यायचे. दुसऱ्या दिवशी ते छापून यायचं आणि मी सकाळी एकटीच ते चहाबरोबर वाचायचे. फोन करून कुणी 'चूक लिहिलंयत' असं म्हणत नसे. माझ्याशी वाद घालणारं माणूस राहिलं नव्हतं. तरुण सहकारी माझ्यापुढे माना डोलवायचे आणि पाठीमागे, मला वाटतं, जपून राहायचे. मी जेवायला एखाद्या टेबलाशी बसले तर त्यांचं बोलणं हवापाण्यावर यायचं.

सर कधी वाकडं वागले नाहीत. व्हरांड्यात समोरून आले तर नमस्कार करायचे. विभागाच्या बैठकीत माझं म्हणणं पटलं तर तसं सांगायचे, नाही पटलं तर गप्प बसायचे. ते गप्प बसणं मला सहन व्हायचं नाही. अकरा वर्षांत मी त्यांना माझ्यापुढे गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

दोन हजार साली उन्हाळ्यात केतकी आणि जावई कॅनडाला गेले. इरा तेव्हा तीन वर्षांची होत आली होती. सर आठ दिवस रजा घेऊन दिल्लीला जाऊन आले. आल्यावर शिपायाने सगळ्यांच्या टेबलावर पेठा ठेवला. माझ्याही टेबलावर ठेवला.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी पाच मिनिटं बोलले. काय बोलले ते आठवत नाही, कागदावर लिहून नेलं होतं. उत्तरादाखल सरांनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. माळ्याचे मानले, पिंगळ्यांचे मानले. मग म्हणाले, "येवलेकर बाईंनी माझा एक चुकलेला तक्ता दुरुस्त केला. त्याबद्दल त्यांचेही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यात टोमणा नव्हता. काहीच नव्हतं.

*

त्यानंतर आठ वर्षांनी साताऱ्याच्या एका महाविद्यालयाने मला अर्थसंकल्पावर व्याख्यानाला बोलावलं. सर साताऱ्यात राहतात हे मला ठाऊक होतं. पत्ता माझ्या डायरीत दर वर्षी मी नव्याने उतरवून घेत असे. पत्र मात्र एकही टाकलं नव्हतं.

माझी ओळख करून द्यायला तिथले एक तरुण प्राध्यापक उभे राहिले. त्यांनी कुठून तरी ती गोष्ट मिळवली होती. "दिल्लीच्या समितीसमोर," ते म्हणाले, "आपल्याच ज्येष्ठ सहकाऱ्याची चूक क्षणात हेरून ती दाखवून देण्याचं धैर्य ज्यांनी दाखवलं…" समोर दोनशे मुलं बसली होती. मी उभी राहिले आणि तासभर बोलले. तूट, निर्यात, रुपया. मुलांनी प्रश्नही चांगले विचारले. बोलत असताना माझ्या मनात एकच होतं की हे संपलं की जायचं.

आयोजकांनी गाडी दिली होती. चार वाजता मी त्या वसाहतीत पोचले. तळमजल्याचं घर, पुढे छोटं अंगण, लोखंडी फाटक. सरांनीच दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. बारीक झाले होते.

"या," ते म्हणाले. जणू मी येणार असल्याचं त्यांना कळवलेलं होतं.

घर नीटनेटकं होतं. एका कोपऱ्यात संगणक, त्यावर छोटा कॅमेरा बसवलेला. मी तिकडे बघते आहे हे पाहून ते म्हणाले, "रविवारी सकाळी इरा दिसते त्यावर. बारा वर्षांची होईल आता. 'आजोबा' म्हणते, पुढचं सगळं इंग्रजीत. मी तिला गोष्ट सांगायला लागलो की ती थोडा वेळ ऐकते, मग आईला हाक मारते. तिची तरी काय चूक? मराठी तिच्या कानावरून ज्या वयात जायला हवी होती त्या वयात गेलीच नाही."

त्यांनी हे मला बोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते नुसतं सांगत होते. मी पाणी प्यायले. पेला खाली ठेवला.

"सर, मी एक सांगायला आले आहे."

"सांगा."

"ती तळटीप. मला ती बैठकीत दिसली नव्हती. त्याच्या आधी दिसली होती. सोमवारी."

मी जे सांगितलं ते असं. त्यांनी त्यांच्या निबंधाची प्रत शनिवारी मला वाचायला दिली होती. रविवारी मी ती वाचली. तक्ता क्रमांक चार मला खटकला, अडीच हजार फारच कमी वाटले. सोमवारी सकाळी मी पिंगळ्यांकडून खंड मागून घेतला आणि तळटीप वाचली. तिथून सरळ त्यांच्या खोलीकडे निघाले होते. व्हरांड्यात अर्ध्यावर थांबले. मग वर्गावर गेले. सोमवारी दुपारी आम्ही बरोबर जेवलो. मंगळवारी जेवलो. बुधवारी जेवताना ते स्वतः म्हणाले होते, "बाई, वाचलंत ना? तुमची नजर बारीक आहे. काही चुकलं असेल तर आजच सांगा, उद्या पंचाईत नको." आणि मी म्हटलं होतं, "ठीक आहे सगळं." गुरुवारी कागद मागेपुढे करणं, कपाळाला आठ्या घालणं, हात वर करणं, हे सगळं मी घरून ठरवून आले होते.

बोलून झाल्यावर मला वाटलं ते उठून आत जातील. ते खुर्चीत तसेच बसून होते. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मला ठाऊक होतं," सर म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी दुपारी. खंड परत ठेवायला मी ग्रंथालयात गेलो. पिंगळे म्हणाले, या खंडाला एकदम बरे दिवस आलेत, सोमवारी येवलेकर बाईंनी नेला होता. त्यांच्या मनात काही नव्हतं, सहज म्हणाले. चूक काढलीत त्याचं मला काही वाटलं नव्हतं, बाई. चूक कुणाचीही होते. चारचौघांत दाखवलीत, तेही मी गिळलं असतं. पण बुधवारी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"म्हणून मग एका टेबलाशी बसून जेवणं जमेना."

इतकी वर्षं मी समजत होते की ते अपमानाने दुरावले. अपमानाला उतारा असतो असं मनाला सांगून मी वाट बघत राहिले होते. ते कशासाठी दुरावले होते हे त्या दिवशी मला कळलं. ते सोमवारचं ऐकूनही त्यांनी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. माझी कीर्ती त्यांनी तशीच राहू दिली होती. निरोपाच्या दिवशी तर तिच्यासाठी टाळ्याही वाजवून घेतल्या होत्या.

"कुणाला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगून काय होणार होतं? दिल्ली परत थोडीच मिळाली असती? आणि तुम्हाला तिथेच नोकरी करायची होती." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. घरी ते धोतर नेसतात हे मला माहीत नव्हतं. "मला एवढंच कधी कळलं नाही की का. आधी वाटलं, ती जागा तुम्हाला हवी असेल. पण तुम्ही कधी दिल्लीचं नावही काढलं नाहीत. मग वाटलं, हंगामी शुल्काचा तुमचा मुद्दा जिंकायचा असेल. पण तुम्ही तशा नाही. जिंकायचं असतं तर मुद्द्यावर जिंकला असतात. ताकद होती तुमची. मग का?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. कोण विचारणार? मी स्वतःलासुद्धा वेगवेगळी उत्तरं दिली होती. समितीपुढे चुकीचा आकडा जाऊ नये. बागवाल्यांवर अन्याय होऊ नये. सत्य ते सत्य. ती उत्तरं मी इतक्यांदा घोळवली होती की त्यांतलं एखादं त्यांना सहज देता आलं असतं.

"तुम्ही गेला असतात," मी म्हटलं.

त्यांना आधी नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी मान थोडी पुढे केली.

"तुम्ही दिल्लीला गेला असतात, सर. मग मी कुणाशी बोलले असते?"

मोटारसायकल सुरू झाली आणि दूर गेली. सर माझ्याकडे बघत राहिले. मी साठीला आलेली बाई, व्याख्यानाची रेशमी साडी नेसलेली, आयोजकांनी दिलेलं शाल-श्रीफळ पिशवीत घेऊन त्यांच्या खोलीत बसले होते.

"एवढंच?" ते हळू म्हणाले.

"एवढंच."

"मला त्या शनिवारी म्हणाला होतात, जा की."

"म्हणाले होते."

"तेव्हाच हे बोलायचं होतं."

"बोलले असते तर थांबला असतात?"

कुणाला बरं वाटावं म्हणून हो म्हणणारं ते माणूस नव्हतं. त्यांनी खरोखर विचार केला. अकरा वर्षं माझ्यासमोर बसून एखाद्या मुद्द्याचा करत तसा, भिंतीकडे बघत.

"नाही," ते म्हणाले. "केतकी होती, इरा होती. मी गेलोच असतो." मग जरा वेळाने म्हणाले, "पण आठवड्याला एक पत्र टाकलं असतं, बाई. चांगलं लांबलचक. तिथं तरी माझ्याशी वाद घालायला कोण होतं?"

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. पाचची पुण्याची बस होती, आयोजकांनी तिकीट काढून दिलं होतं. मी उठले. थांबा असं सर म्हणाले नाहीत, आणि मीही थांबू का असं विचारलं नाही. ते फाटकापर्यंत आले. कडी घट्ट बसत असावी, त्यांनी दोन्ही हातांनी ती काढली, मला बाहेर जाऊ दिलं, आणि मी गाडीत बसेपर्यंत ते ती पुन्हा लावत होते.